अर्धा किलो हळद

हेब्बाळच्या उड्डाणपुलाखालचा सिग्नल लाल होऊन बराच वेळ झाला होता आणि गाडीत कोणीही बोलत नव्हते. श्रीरंगचे डोळे आरशावर खिळले होते. आरशात मागची बस नव्हती, बसच्या मागचे जानेवारीचे आकाश नव्हते. होते ते केवळ पांढरे, दाट, स्वतःभोवतीच वळत वर चढणारे काहीतरी. शेजारी अंजली ओव्याच्या पानांची कुंडी मांडीवर धरून समोर बघत होती. मागच्या सीटवर आणखी सहा कुंड्या दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्या शांततेत निदान निरागसपणा होता. अंजलीच्या शांततेत तो नव्हता.

शेजारच्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढली. "सार! होगे! होगे!" असे ओरडून त्याने दोन्ही हात आभाळाकडे फुलवून दाखवले. धुराला कन्नडमध्ये होगे म्हणतात हे श्रीरंगला ठाऊक होते. ठाऊक नसते तरी त्या हातांनी कळले असते. "कळलं, कळलं," असे मराठीतच पुटपुटून त्याने काच वर केली.

"अंजली, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? अर्धा किलो हळद मी कुठे लपवली असेल, ते आठवतेय."

गाडी श्रीरंगची नव्हती आणि हळद अंजलीची नव्हती. दोन्ही गोष्टी येसाजीअण्णांच्या घरच्या होत्या. अण्णा हे संजयनगरातले त्यांचे घरमालक. पूर्वज घोड्यावरून बंगळुरात आले असे ते सांगत, आणि त्या घोड्यांचा सगळा मान त्यांनी बावीस वर्षांच्या एका पांढऱ्या गाडीला देऊन टाकला होता. रोज सकाळी ते जुन्या धोतराच्या फडक्याने तिला पुसत. आजारी माणसाचे कपाळ पुसावे तसे, हलक्या हाताने. पुण्याहून येऊन वरच्या मजल्यावर राहायला लागल्यावर श्रीरंगने एकदा हेल्मेट तिच्या बॉनेटवर ठेवले होते, तेव्हा अण्णा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

म्हणूनच आज सकाळी तेच अण्णा, दुखरा गुडघा धरून जिना चढून वर आले, तेव्हा श्रीरंगला गलबलून आले. अंजलीची मैत्रीण मुग्धा पुण्याला परत चालली होती आणि तिच्या कुंड्या हेब्बाळहून आणायच्या होत्या.

"टेंपो कशाला बोलावतो?" अण्णा दारातूनच म्हणाले. "माझी गाडी आहे की. ने."

"अण्णा, तुमची गाडी? मी?"

"तू घरचाच की रे," अण्णा म्हणाले आणि चावी त्याच्या तळहातावर ठेवून, उत्तराची वाट न बघता, पायरी पायरी उतरून गेले. परक्या शहरात अकरा महिने उंबऱ्याबाहेर उभे राहिल्यावर कोणीतरी आत ओढून घ्यावे, तसे श्रीरंगला वाटले. आत ओढून घेणारा हात नेमका कशासाठी पुढे येतो, हा विचार अशा क्षणी कोणी करत नाही.

खाली फाटकाशी अण्णांच्या पत्नी सकवारबाई उभ्या होत्या. त्यांनी हसून विचारले, "अंजली, आमच्या डब्यातली हळद घेतलीस काय ग? घेतलीस तर घेतलीस. सांग फक्त. अर्धा किलो होती." रोज सकाळी विरजणासाठी त्यांच्या स्वयंपाकघरात जाणारी बाहेरची व्यक्ती एकच होती. अंजली "नाही हो अक्का," म्हणाली आणि गाडीत येऊन बसली, ती तेव्हापासून गप्प होती.

श्रीरंगची भीती मात्र हळदीहून मोठी होती. मागच्या रविवारी अण्णांचा मुलगा गिरीराज, जो इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आणि तिथेच राहायला होता, तो जेवायला आला असताना त्याचा आवाज वरपर्यंत ऐकू आला होता. "अप्पा, पुढच्या रविवारी एक वाजता मी स्वतः गाडी चालवून बघणार. एक जरी प्रॉब्लेम दिसला, की गाडी विकायची आणि तुमचं ड्रायव्हिंग बंद. फायनल." अण्णांचे उत्तर वर आले नव्हते. त्यानंतर तासभर ते बंद गाडीत, बंद काचांआड, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. अंजलीने गॅलरीतून पाहिले होते.

पुढचा रविवार म्हणजे आज. आणि आता दहा वाजून गेले होते.

सिग्नल सुटला. श्रीरंगने गाडी तळ्याच्या बाजूच्या रस्त्याकडेला घेतली आणि फोनवर व्हिडिओ लावला. तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी करत असे. दोष आधी पुन्हा घडवून बघायचा, मग त्याचे नाव शोधायचे, एवढे त्याला येत होते.

"हे बघ, थंडीत पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ असू शकते. इंजिन तापलं की थांबते."

"आपण चाळीस मिनिटं चालवतोय श्रीरंग."

"मग दहा मिनिटं अजून बघू."

दहा मिनिटांत वाफ थांबली नाही. उलट सकाळचे धुके विरत गेले तसा धूर अधिक स्पष्ट, अधिक एकटा दिसू लागला. व्हिडिओतला माणूस पुढे सांगत होता: धुराला गोडसर वास असेल, तर थंडावा ठेवणारे पाणी इंजिनात शिरते आहे, आणि ते वाईट. "फडकं दे," श्रीरंग म्हणाला. अंजलीने समोरचा कप्पा उघडला. त्यात धोतराचा तुकडा होता, उदबत्तीचा पुडा होता, आणि एक चिमुकला स्टीलचा चमचा.

"गाडीत चमचा कशाला?"

"अण्णा औषध घेत असतील. फडकं दे आधी."

मग श्रीरंग रस्त्यावर गुडघे टेकून, सायलेन्सरसमोर फडके धरून, ते नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगत राहिला. तळ्यावर फिरायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी थांबून त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली आणि इंग्रजीत सांगितले, की आयुष्यात अशी वेळ येते, पण ती जाते. श्रीरंगने त्यांचे आभार मानले.

"गोड आहे का?" अंजलीने विचारले.

"आहे. पण नुसता गोड नाही. म्हणजे..." तो अडखळला. "भूक लागल्यासारखं होतंय."

"नाश्ता केला नाहीस तू."

तेवढ्यात फोन वाजला. अण्णा होते.

"श्रीरंग, गाडी कशी चालते?"

अंजलीने मान हलवून 'सांग' अशी खूण केली. श्रीरंगच्या डोळ्यांपुढे बंद काचांआडचे ते दोन हात आले. "मस्त, अण्णा! एकदम मस्त."

"मस्त?"

"लोण्यासारखी."

"असं." आवाज थोडा खाली गेला. "काय त्रास नाही म्हणतोस? स्वल्प मागं-पुढं बघ. मागं बघ जास्त."

"बघतो ना. आरसे अगदी स्वच्छ आहेत तुमचे."

"आरसे नको रे बघू..." अण्णा थांबले. "बरं. घाई करू नको. गिरी एक वाजता येतोय. त्याच्या आधी पोचायची काही गरज नाही. एक वाजताच ये. सव्वा एक झालं तरी सरी, चालेल."

श्रीरंगने फोन खिशात टाकला. "काय माणूस आहे," तो म्हणाला. "स्वतःची गाडी दुसऱ्याकडे, आणि म्हणतो घाई करू नको. आणि मी त्यांची गाडी संपवली. त्या माणसाकडून गाडी जाणार ती माझ्यामुळे."

"मग कोपऱ्यावरच्या गॅरेजात ने."

"तिथे सगळे अण्णांना ओळखतात! लांब जायला हवं."

लांब म्हणजे यशवंतपूर. घाऊक बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत, कांद्याच्या ट्रकांमधून, तापमानाच्या काट्याकडे बघत श्रीरंगने गाडी नेली. काटा चढत होता. प्रत्येक ट्रक पाच मिनिटे अडवत होता. एका पत्र्याच्या शेडखाली खाकी कपड्यांतला, पन्नाशीचा एक माणूस रविवारचे शटर अर्धे ओढून उभा होता. धुरासकट आलेली गाडी पाहून त्याने तिच्याकडे, टाळत असलेल्या नातेवाइकाकडे बघावे तसे पाहिले, आणि लगेच नजर काढून घेतली.

"भैया, अर्जंट है," श्रीरंग म्हणाला.

"मराठीच बोला की," तो माणूस म्हणाला. "तोंडावर दिसतं. मी मानसिंग. आमचं पण मराठीच."

परक्या गल्लीत आपली भाषा भेटली, की माणूस आपली गुपितेही तिच्यासोबत उतरवून ठेवतो. श्रीरंगने सगळे सांगितले. गाडी घरमालकांची आहे, त्यांचा मुलगा एक वाजता येणार आहे, दोष दिसला तर म्हातारपणी त्यांचे चालवणे बंद होणार आहे, आणि हे सगळे आपल्या हातून झाले आहे. "एवढंच करा, ही गाडी इथे आली होती हे कोणालाही सांगू नका. शपथ घ्या."

मानसिंगने हातातला पाना खाली ठेवला. "शपथ?"

"हो."

"सरी. घेतली," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याने एक सुस्कारा टाकला. "पाण्याच्या टाकीचं झाकण आत्ता उघडायचं नाही. वाफ तोंडावर येईल. अर्धा तास थांबा."

अकरा वीस झाले होते. तो अर्धा तास त्या शेडखाली तिघेही बंद बॉनेटकडे बघत बसले. आत काहीतरी टिकटिकत थंड होत होते. श्रीरंगला त्यात घड्याळ ऐकू येत होते. मानसिंगने चहा मागवला. घोट घेत, सहज बोलावे तसे तो म्हणाला, "अण्णांचा गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे. आज तर जिना चढून वर—" श्रीरंग थांबला.

अंजलीने कप खाली ठेवला. "आम्ही घरमालक म्हणालो. अण्णा म्हणालोच नाही."

"इथं आम्ही सगळ्यांनाच अण्णा म्हणतो," मानसिंग म्हणाला.

"आणि गुडघा?"

"तो पण सगळ्यांनाच असतो, बाई." आणि तो घाईने उठून बॉनेटकडे गेला.

टाकीचे झाकण उघडून त्याने श्रीरंगला गाडी सुरू करायला सांगितले. पाण्यात बुडबुडे उठू लागले. शांत, एकसारखे, तळाशी कोणी श्वास घेत असल्यासारखे. "बघा. इंजिनातली हवा पाण्यात, पाणी इंजिनात. मधली गॅस्केट गेली. पाणी जळतं, तोच हा धूर. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायला लागतं, घासायला लागतं. तीन दिवस."

"तीन दिवस!" श्रीरंग गाडी बंद करून बाहेर आला. "आज सकाळी एका तासात गॅस्केट जाते?"

मानसिंगने फडक्याचे टोक टाकीत बुडवून बाहेर काढले. ते पिवळे झाले होते. लग्नाच्या आदल्या दिवशीचे असावे तसे, गडद, निःसंशय पिवळे.

अंजली उभी राहिली. तिच्या मांडीवर मघापासून पर्स होती, आणि पर्समध्ये, रस्त्यावर श्रीरंगने फडके ओढून घेताना हातात आलेला तो चिमुकला चमचा होता. तिने तो बाहेर काढून उजेडात धरला. टोक पिवळे होते. सकवारबाईंच्या मिसळणाच्या डब्यातला हा चमचा ती गेले अकरा महिने रोज सकाळी बघत होती.

"हळद," ती म्हणाली.

"जुन्या ड्रायव्हर लोकांची युक्ती आहे," मानसिंग जमिनीकडे बघत म्हणाला. "पाणी कुठं गळत असलं की हळद घालायची. फुगते, भोक बुजवते. चार दिवस चालतं. पण जास्त घातली की नळ्या बुजतात, इंजिन तापतं, मग गॅस्केट जाते. मी सांगितलं होतं, घालू नका म्हणून."

"कोणाला सांगितलं होतं?"

"असंच. लोकांना सांगतो मी."

"मानसिंगदादा, ही गाडी आधी कधी आली होती?"

मानसिंगने दोन्ही हात पुसले, पुन्हा पुसले. "बाई, तुमच्या साहेबांनी आत्ता मला शपथ घातली. मी ती पाळणार. मग तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कोणी ह्याच स्टुलावर बसून घातलेली शपथ कशी मोडू?" बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला उमगले, आणि तो शटरची कडी उगीचच तपासायला गेला.

श्रीरंगला उलगडायला थोडा अधिक वेळ लागला. वर चढून आलेला गुडघा. मागं बघ जास्त. एकच्या आधी येऊ नको. एकेक वाक्य त्याच्या मनात उलटे होऊन पडत गेले आणि प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी वेगळेच लिहिलेले निघाले.

"म्हणजे मी घरचा नाही," तो अखेर म्हणाला. "मी नुसता... आरोपी आहे."

"आणि मी चोर," अंजली म्हणाली. "चल घरी. आज गिरीराजसमोर सगळं सांगायचं. चमच्यासकट."

मानसिंगने टाकीत साधे पाणी भरले, सावकाश न्या म्हणाला, आणि तपासणीचा एक रुपयाही घेतला नाही. या गाडीसमोर आपल्याला आता काहीच घेववत नाही, असा त्याचा चेहरा होता.

परतीच्या वाटेवर श्रीरंग मनात वाक्ये जुळवत होता. 'गिरीराज, दोष तीन आठवडे जुना आहे. माहीत असूनही लपवलेला आहे. पुरावा उपलब्ध आहे.' संतापालाही व्याकरण असते, आणि श्रीरंगचे ते कामामुळे पक्के होते. पाणी अर्ध्या वाटेपर्यंत पुरले. संजयनगरच्या वळणावर धूर पुन्हा सुरू झाला, आणि त्यांच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा मागची गल्ली राहिलीच नव्हती; फक्त एक पांढरा पडदा होता आणि त्यात कोणाची तरी सायकलची घंटा वाजत होती.

फाटकाशी गिरीराज उभा होता. एक वाजायला वीस मिनिटे होती, पण तो आला होता. त्याच्या बाजूला सकवारबाई, आणि थोडे मागे, भिंतीला टेकून, अण्णा.

गाडी थांबली. धूर सावकाश त्यांच्यावरून गेला.

"बघितलंत अप्पा?" गिरीराज म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, एक दमणूक होती. "मी म्हणत होतो की नाही? ही गाडी संपली. तुम्ही असता आत, मध्येच कुठे फ्लायओव्हरवर बंद पडली असती तर? द्या चावी. आज विषय संपवू."

श्रीरंग खाली उतरला. वाक्ये तयार होती. त्याने अण्णांकडे पाहिले. ज्याने सकाळपासून एवढा कट रचला, तो माणूस त्याच्याकडे बघतच नव्हता. तो आपल्या चपलांकडे बघत होता. फडके नसलेला हात मोकळाच हलत होता, भिंतीवर, पुसण्यासारखे काही नसलेल्या जागी. त्या हाताची नखे पिवळी होती.

"चूक माझी आहे," श्रीरंग म्हणाला.

अंजलीने झटकन मान वळवली.

"काटा वर गेला होता, मी बघितलाच नाही. तशीच रेटली. सकाळी नेली तेव्हा गाडी उत्तम होती."

अण्णा भिंतीपासून सुटे झाले, आणि त्यांचा पाठीचा कणा वीतभर उंच झाल्यासारखा दिसला.

"काटा बघितला नाहीस?" ते गरजले. "काटा बघितला नाहीस! मग समोर काय बघत होतास, देखावा? पुण्यात काय बैल हाकत होतास? बावीस वर्षं, बावीस वर्षं या गाडीतून कधी एवढासा धूर निघाला नाही, आणि एका सकाळीत तू तिचा जीव घेतलास!"

"अप्पा, असू दे, ते मुद्दाम—"

"तू गप्प रे गिरी! मी ह्याला घरचा समजून चावी दिली. मस्त चालते म्हणाला फोनवर! लोण्यासारखी!" अण्णांच्या डोळ्यांत खरोखरचे पाणी आले. श्रीरंग खाली मान घालून ऐकत राहिला. इतक्या मनापासूनचा खोटा राग त्याने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्याला हळूहळू खरोखरच अपराधी वाटू लागले.

"बस झालं," गिरीराजने दोघांच्या मध्ये हात घातला. "सॉरी, श्रीरंग. अप्पा गाडीच्या बाबतीत असेच आहेत. आपण रिपेअर करून घेऊ." मग तो वडिलांकडे वळला आणि गंभीरपणे म्हणाला, "पण अप्पा, यापुढे ही गाडी तुमच्याशिवाय कोणी चालवायची नाही. चावी कोणालाही द्यायची नाही. प्रॉमिस करा."

"सरी," अण्णा आज्ञाधारकपणे म्हणाले. "तू म्हणतोस तर."

श्रीरंगने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. गिरीराज आत गेला. सकवारबाईही वळल्या, आणि जाता जाता, कोणाचेही नाव न घेता, म्हणाल्या, "जेवायला या सगळे. सार पांढरंच आहे आज. हळद नाही घरात."

अंगणात तिघेच उरले. शेवटचा थोडासा धूर फाटकाच्या गजांतून बाहेर जात होता. अंजली अण्णांच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने पर्समधून चमचा काढून, पिवळे टोक वर करून, त्यांच्यापुढे धरला.

"अण्णा, हा तुमच्या गाडीत राहिला होता. अक्कांना मी देऊ, की तुम्ही द्याल?"

अण्णांनी चमच्याकडे पाहिले. मग अंजलीकडे, मग श्रीरंगकडे, आणि पहिल्यांदाच, सकाळपासून पहिल्यांदाच, ते त्याच्याकडे नीट बघत होते. त्यांचे ओठ हलले. काहीतरी आत जुळून आल्यासारखे वाटले.

त्यांनी चमचा घेतला, सदऱ्याच्या खिशात चावीशेजारी टाकला, खिशावर एकदा हात दाबला, आणि दुखरा गुडघा मुळीच न दुखणाऱ्या माणसाच्या चालीने, घराच्या मागच्या दाराकडे निघून गेले.